म्हातारीच्या मागे

जुलैतली ढगाळ सकाळ होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळ, गल्फ हार्बरच्या धक्क्यावर टिरिटिरी माटांगी या बेटावर जाणाऱ्या बोटीची वाट बघत आम्ही पंचवीस-तीस जण उभे होतो. बोटीत पाय ठेवण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासायचे आणि आपापली पिशवी उघडून एकदा आत बघायचं, असा तिथला शिरस्ता आहे. उंदीर, मुंग्या, माती, बिया यातलं काही सोबत येत नाही ना, एवढीच खात्री. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने सॅक उघडली आणि आतून एक वाळकी शेंग काढून मोठ्या अभिमानाने सगळ्यांना दाखवली. आमच्या मागच्या कुंपणावरच्या वेलाची होती ती. मुठीएवढी, तपकिरी, एका बाजूने उकललेली आणि आत रेशमासारखा पांढरा कापूस दाटून बसलेला. "म्हातारी!" असं ओरडून तिने चिमूटभर कापूस उचलला आणि फुंकर मारली. पुढच्या क्षणी, टोपीला बिल्ला लावलेल्या, सत्तरी कधीच ओलांडलेल्या एक बाई हातातली यादी खाली टाकून त्या कापसामागे धावत सुटल्या. एक बाकाच्या पाठीवरून, एक कुणाच्या तरी छत्रीवरून, एक थेट पाण्याच्या कडेवरून, अशा त्या म्हाताऱ्या पकडत होत्या. परत आल्या तेव्हा धाप लागलेली, मूठ घट्ट मिटलेली. गुडघ्यावर बसून त्यांनी लेकीला विचारलं, "किती उडवल्यास?" ती म्हणाली, "सहा." बाईंनी मूठ किलकिली करून मोजल्या. पाच होत्या.

मग त्यांनी मला विचारलं, "ही शेंग कुठली?" खोकला कधीपासून आहे असं डॉक्टर विचारतात, त्या सुरात. मी म्हटलं, आमच्याच मागच्या अंगणातली. "अच्छा," एवढंच म्हणाल्या. शेंग एका पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं, यादी उचलली आणि पुढच्या माणसाच्या बुटांकडे वळल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेकीला तो खेळ शिकवला होता मीच. मे महिन्यात कुंपणावर पहिली शेंग उकललेली दिसली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! गावी मारुतीच्या देवळामागे रुईची झाडं होती. शनिवारी त्यांच्या पानांच्या माळा व्हायच्या आणि उन्हाळ्यात शेंगा तडकल्या की म्हाताऱ्या सुटायच्या. त्यांच्यामागे धावायचं, पकडायची, कानात काहीतरी सांगायचं आणि पुन्हा फुंकरून सोडून द्यायची. काय सांगायचो ते आता आठवत नाही. बहुधा परीक्षेबद्दल काहीतरी. ऑकलंडच्या उपनगरात, परक्या झाडाझुडपांच्या गर्दीत तोच चीक, तीच उकलणारी शेंग, तीच पांढरी म्हातारी दिसल्यावर मला नात्यातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं. आणि नातं खरंच होतं. हा वेल रुईच्याच कुळातला निघाला. इथे त्याला मॉथ प्लांट म्हणतात, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकात कुणीतरी फुलांच्या हौसेपायी न्यूझीलंडमध्ये आणलेला. आता तो झाडांवर चढतो, त्यांना झाकून टाकतो आणि एकेका शेंगेतून शेकडो बिया वाऱ्यावर सोडतो. ऑकलंडमधल्या शाळांमध्ये या शेंगा गोळा करायच्या स्पर्धा होतात, हे मला त्या दिवसानंतर कळलं. सात वर्षं इथे राहून.

बोटीत मी खिडकीशी बसले आणि ती सहावी म्हातारी कुठे गेली असेल याचा विचार करत राहिले. जमिनीचं टोक ते बेट, मधलं पाणी जेमतेम चार किलोमीटर. वारा नैऋत्येचा होता. ऑकलंडमध्ये तो बहुतेक वेळा तसाच असतो, शहराकडून बेटांकडे वाहणारा. लाटांकडे बघताना पहिल्यांदाच वाटलं, की समुद्राला आपण उगाच कुंपण समजतो.

टिरिटिरीची गोष्ट इथल्या कुणालाही विचारा, ती झाडं लावण्यापासून सुरू होते. 220 हेक्टरचं बेट. शंभरहून जास्त वर्षं तिथे गुरं-मेंढ्या चरल्या, जंगल जळत-तुटत ओघळींच्या तळाशी कसंबसं उरलं. 1971 मध्ये शेती थांबली. ऑकलंड विद्यापीठातल्या जॉन क्रेग आणि नील मिचेल या दोघांनी कल्पना मांडली, की बेट लोकांना बंद करायचं नाही, लोकांनाच कामाला लावायचं. दीपगृहाचे शेवटचे राखणदार रे वॉल्टर तिथेच राहिले, दिव्याऐवजी रोपवाटिका सांभाळू लागले. 1984 ते 1994 या दहा वर्षांत बोटीबोटीने आलेल्या लोकांनी सुमारे 2,80,000 झाडं लावली. शाळेची पोरं, निवृत्त मास्तर, क्लबवाले, कुणीही. ही गोष्ट मी आधी वाचलेली होती आणि खरं सांगायचं तर मला ती जरा गोडगोड वाटली होती. झाडं लावतानाचे फोटो सगळीकडे सारखेच दिसतात. कुदळ, चिखल, हसरे चेहरे.

बेटावर पाऊल ठेवल्यावर मात्र आधी आवाज आला. जंगल दिसायच्या आधी ऐकू आलं. टीएके पक्षी, काळाभोर, पाठीवर तांबूस खोगीर घातल्यासारखा, पानांच्या कचऱ्यात खुडबुड करत स्वतःशीच भांडत होता. हिहि या दुर्मिळ छोट्या पक्ष्यासाठी जाळीच्या पिंजऱ्यात साखरपाण्याच्या बाटल्या टांगलेल्या होत्या. मोठे पक्षी शिरू शकणार नाहीत एवढीच जाळीची भोकं. कुणीतरी त्या बाटल्या नेमाने धुतं, भरतं, पुन्हा टांगतं. वर कुठेतरी कोकाको पक्षी बोलला. पेटीचा भाता हळूच दाबून कुणी एकच सूर धरून ठेवावा आणि शेवटी तो किंचित उतरावा, तसा. आमच्या गटातले सगळे एकदम थांबले. दीपगृहाजवळच्या हिरवळीवर ताकाहे चरत होता. आपल्या जांभळ्या पाणकोंबडीचा थोरला भाऊ म्हणा. पण थोराड, निळाहिरवा, लाल चोचीचा आणि उडता न येणारा. 1948 मध्ये दक्षिण बेटावरच्या डोंगरात पुन्हा सापडेपर्यंत तो संपला असंच सगळे धरून चालले होते. तो माझ्या डब्याकडे इतक्या निगरगट्टपणे बघत होता, की संपलेल्यांच्या यादीतून परत आलेला वगैरे काही त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं.

आमच्या गटाला बेट दाखवायला त्याच बाई आल्या. धक्क्यावरच्या. मी जरा मागे-मागेच चालत होते. लेक मात्र त्यांना चिकटली. मुलांना अपराधाची शरम पंधरा मिनिटं पुरते. पोहुतुकावाच्या झाडांच्या एका दाट रांगेखालून जाताना बाई म्हणाल्या, ऐंशीच्या दशकात त्यांनीही इथे कितीतरी शनिवार-रविवार रोपं लावली. मी न राहवून विचारलं, "मग तुमची झाडं कुठली?" मला वाटलं, आता त्या एखाद्या खोडावर हात ठेवतील. त्या हसल्या. म्हणाल्या, जी आठवतात त्यांतली काही नंतर तोडली. तोडायलाही मीच होते.

झालं असं होतं, की पोहुतुकावा चिवट, उन्हावाऱ्याला न घाबरणारा, म्हणून सुरुवातीला तो भरपूर लावला. तो भराभर वाढला आणि त्याने खालच्या जमिनीवर असा काळोख धरला, की तिथे दुसरं फारसं काही उगवेना. जंगल व्हायच्या ऐवजी झाडांची गर्दी झाली. मग काही ठिकाणी विरळणी केली, उजेड आत सोडला. आणि बेटाचा सगळाच भाग झाडांनी भरायचा नाही हेही ठरलेलं होतं. ताकाहेला गवत लागतं, आणि माओरींच्या जुन्या वस्त्यांच्या खुणा मुळांखाली चिरडू द्यायच्या नाहीत. त्यामुळे जवळजवळ चाळीस टक्के बेट मुद्दाम उघडं ठेवलेलं. हे सगळं त्या सहज सांगत होत्या, आणि मी मात्र त्या "तोडायलाही मीच होते" या वाक्यापाशीच अडकले. आपण लावलेलं झाड आपणच तोडायचं, तेही ते नीट वाढलं म्हणून. आपल्याकडे वृक्षारोपणाच्या समारंभात हे कुणी बोललं तर त्याला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

उंदरांचंही तसंच. 1993 मध्ये या बेटावरचे किओरे संपवले. हे छोटे उंदीर माओरींच्या पूर्वजांच्या होड्यांतून शेकडो वर्षांपूर्वी आलेले; काही माओरींसाठी ते त्यांच्या वारशाचाच भाग. म्हणजे इथे "आपलं" आणि "परकं" यांची रेघ कुणी पाटीवर सरळ आखून दिलेली नाही. पण उंदीर असतील तर अंडी उरत नाहीत, बिया उरत नाहीत, सरड्यांची पिल्लं उरत नाहीत. एक उंदीर किती भारी पडू शकतो याची इथे सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट रॅझाची. 2004 मध्ये संशोधकांनी मुद्दाम एक तपकिरी उंदीर, गळ्यात रेडिओ बांधून, मोटुहोरोपापा नावाच्या छोट्या बेटावर सोडला. बघूया, एकटा उंदीर किती वेळात पकडता येतो. सापळे लावले, आमिषं लावली, शिकवलेले कुत्रे आणले. तो सापडेना. मधेच तो 400 मीटर समुद्र पोहून शेजारच्या ओटाटा बेटावर गेला. एकंदर 18 आठवड्यांनी सापडला. मुंग्यांची गोष्ट त्याहून कंटाळवाणी आणि म्हणूनच जास्त भीतीदायक आहे. 2000 साली टिरिटिरीवर अर्जेंटिनाच्या मुंग्या आढळल्या आणि त्या हुडकून काढण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली. हे ऐकल्यावर सकाळचा बुटांवरचा ब्रश मला वेगळा वाटायला लागला.

तरी सगळं पटलं असं नाही. परतीच्या बोटीत मला आईची पुरचुंडी आठवली. ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा रुमालाच्या टोकाला गाठ मारून तुळशीच्या मंजिऱ्या घेऊन आली होती. विमानतळावर सगळं लिहून द्यावं लागतं, न लिहिता सापडलं तर 400 डॉलर दंड, हे मी तिला फोनवर दहादा सांगितलेलं. तिने लोणचं लिहिलं, मेतकूट लिहिलं, चकल्यासुद्धा लिहिल्या. तुळस काही खायची वस्तू नाही, म्हणून ती लिहायची राहिली. ती तिने आपणहून, तपासणीच्या टेबलाशी, शेवटच्या क्षणी पदरातून काढली. दंड झाला नाही. पण त्या तरुण अधिकाऱ्याने हातमोजे घालून रुमालाची गाठ सोडली आणि मंजिऱ्या कचऱ्याच्या पेटीत झटकल्या, रुमाल घडी घालून परत दिला. आई बाहेर आली ती तो रुमाल हातात धरूनच. म्हणाली, "बी काय चावतंय का कुणाला?" त्या वेळी मी तिच्या बाजूची होते. आजही अर्धी आहे. इथे आलेला प्रत्येक जण कधी ना कधी स्वतःची तुलना परक्या वेलाशी करून घेतो, जेवणाच्या टेबलावर ती एक हमखास कोटी असते, आणि मला तिचा कंटाळा येतो. माणूस म्हणजे वेल नव्हे. माणूस विचारल्यावर पिशवी उघडतो.

घरी आल्यावर पहिले काही दिवस मी मागच्या कुंपणाकडे बघणंच टाळलं. मग ऑगस्टमधल्या एका रविवारी, कुणी सांगितलं नसताना, मोटुटापुच्या बोटीत जाऊन बसले. मोटुटापु हे टिरिटिरीपेक्षा कितीतरी मोठं, सुमारे 1500 हेक्टरचं. त्याला चिकटून रांगिटोटो हा ज्वालामुखी. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी रांगिटोटो समुद्रातून उफाळून वर आला तेव्हा मोटुटापु राखेखाली गेलं; त्या राखेच्या थरांत माणसांची आणि कुत्र्यांची पावलं उमटलेली सापडली आहेत. म्हणजे राख पडायची थांबली न थांबली तोच माणसं परत तिथे चालत होती. आता दोन्ही बेटं मिळून 2011 पासून उंदीर, मुंगूससारखे स्टोट, मांजरं, साळूसारखे हेजहॉग या सगळ्यांपासून मोकळी आहेत. मोटुटापु रिस्टोरेशन ट्रस्ट 1994 पासून लोकांना घेऊन तिथे झाडं लावतं, रोपं वाढवतं आणि तण काढतं. त्या दिवशी तणाची पाळी होती.

आम्ही चौदा जण. मी सोडून बहुतेक सगळे पासष्टीच्या पुढचे, गुडघ्यांना पट्टे, खिशात छोट्या कात्र्या. कोवळ्या जंगलात हाताहाताच्या अंतराने ओळ करायची आणि सगळ्यांनी एकाच संथ गतीने पुढे सरकायचं, नजर जमिनीवर. मॉथ प्लांटचं छोटं रोप मुळासकट उपटायचं. जाड वेल बुंध्याशी कापून कापलेल्या तोंडाला लगेच तणनाशक फासायचं. शेंग दिसली की ओरडायचं आणि ती वेगळ्या पिशवीत, फुटू न देता. सांगायला एवढंच. पहिल्या अर्ध्या तासात मी दहाएक रोपं उपटली आणि मला माझंच कौतुक वाटायला लागलं. तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी माझ्या हातातलं रोप मागून घेतलं, त्याचं एक पान तोडलं आणि देठ माझ्यासमोर धरला. कोरडा. "दूध कुठंय?" ते म्हणाले. ते रोप इथल्याच रानजाईचं होतं, ज्याला न्यूझीलंड जस्मिन म्हणतात. दिसायला लहानपणी बरंचसं सारखं, पण त्याला पांढरा चीक नसतो. त्यांनी खाली वाकून बोटाने ओल्या मातीत भोक केलं, रोप परत खोचलं, भोवतीची माती अंगठ्याने दाबली. जगेल की नाही कोण जाणे. त्यानंतर मी प्रत्येक रोपाचं आधी एक पान तोडून बघत होते. दूध आलं की उपटायचं. रुईच्या चिकाने डोळे जातात म्हणून लहानपणी आम्हाला धाक होता. या चिकानेही कातडी चुरचुरते, म्हणून हातमोजे. तरी दुपारपर्यंत माझ्या मनगटावर एक लाल पट्टा उठला.

साडेबाराच्या सुमाराला माझी पाठ बोलायला लागली आणि मला कळलं, की हे काम मला येतं. हे निवडणं आहे. आजी सोप्यावर बसून तांदूळ निवडायची, ताटाच्या एका कडेने हळूहळू पलीकडे सरकवत, आणि मधेच एक खडा चिमटीत पकडून अंगणात भिरकवायची. गप्पा चालूच. नजर मात्र ताटातून हलायची नाही. इथे माझ्या दोन्ही बाजूंनी तसंच चाललं होतं. कुणाच्या तरी नातवाच्या लग्नाच्या, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गप्पा, आणि मधेच "हां, एक" म्हणून वाकणं. निवडलेल्या तांदळाचा फोटो कुणी काढत नाही. दाताखाली खडा आला तरच आजीचं नाव निघायचं. मी ओळीच्या टोकाला बसलेल्या एका बाईंना विचारलं, हा भाग याआधी कधी काढला होता? त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी. आणि त्याच्या आधी? त्याच्या मागच्या वर्षी. मग त्यांनी पाण्यापलीकडे दिसणाऱ्या शहराकडे, टेकड्यांवरच्या घरांच्या छपरांकडे हनुवटीने खूण केली. "येतच राहतात," एवढंच. त्या छपरांत आमचं कुठलं असेल ते मला तिथून ओळखता आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी आणि लेक मागच्या कुंपणाला भिडलो. खालचा वेल सहज निघाला. बुंधा मनगटाएवढा झाला होता, म्हणजे आमच्या आधीपासूनचा. बेचाळीस शेंगा निघाल्या. लेकीने त्या मोजून दोन पिशव्यांत भरल्या, पिशव्यांची तोंडं तिनेच बांधली. शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या छपरावर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक शेंग राहिली होती, पूर्ण वाळलेली, मधोमध फट पडलेली. ती ओढली असती तर तिथेच फुटली असती. म्हणून आम्ही आंब्याचा झेला करतात तसा झेला केला: झाडूचा दांडा, तारेचं कडं आणि त्यावर माझे जुने लांब मोजे ताणून बांधलेले. मी स्टुलावर उभी राहिले, लेकीने स्टूल धरलं. मोज्याचं तोंड शेंगेखाली नेलं, अलगद वर उचललं, देठ काडकन मोडला आणि शेंग आत पडली. मी तोंड मुठीत आवळलं.

खालून लेक म्हणाली, "आई, दोन गेल्या."

मी वर बघितलं. एक तारेवरून आणि दुसरी तिच्याही वरून, वाऱ्यावर तरंगत, समुद्राच्या दिशेला चालल्या होत्या. लेकीने स्टूल सोडलं आणि गल्लीतून त्यांच्यामागे धावत सुटली.